नाव कुणी ठेवायचं?



आपल्या मराठीत 'नाव ठेवणं' याचे दोन अर्थ आहेत. बारशाला आत्या बाळाच्या कानात कुर्र करून नाव ठेवते. एक नवं माणूस आपल्यात आलं, असं ती सगळ्यांना सांगत असते. दुसरं नाव ठेवणं ओट्यावरचं. तिथे कुणाला तरी नावं ठेवली जातात आणि त्या माणसाला हळूच वेशीबाहेर उभं केलं जातं. शब्द तोच, पण एकानं माणूस आत येतं आणि दुसऱ्यानं बाहेर जातं.

आज आपण अशा माणसांसाठीच्या शब्दांचा इतिहास बघू, ज्यांच्या वाट्याला बहुतेक वेळा दुसऱ्या प्रकारचं नाव ठेवणं आलं. तृतीयपंथी, हिजडा, समलिंगी, पारलिंगी, ट्रान्सजेंडर, गे, लेस्बियन. यांतले काही शब्द बातम्यांत ऐकू येतात, काही भांडणात, काही तर आपण उच्चारतही नाही. मग एखाद्या दिवशी आपलंच लेकरू, नाहीतर भाचा-पुतणी समोर बसते आणि धीर करून काही सांगायला लागते. त्या वेळी आपल्याजवळ शिवीशिवाय दुसरा शब्दच नसेल, तर तोंडात शिवीच येते. म्हणून हे शब्द आधीच माहीत असलेले बरे.

आधी थोडी निवडानिपट करू. तांदळातले खडे निवडतो तशी. इथे चार वेगवेगळ्या गोष्टी एकाच टोपलीत पडलेल्या असतात.

पहिली गोष्ट शरीराची. बाळ जन्मलं की सुईण किंवा डॉक्टर बघून सांगतात, मुलगा की मुलगी. काही बाळांचं शरीर या दोन्हींत नीट बसत नाही. त्यांना इंटरसेक्स किंवा आंतरलिंगी म्हणतात. दुसरी गोष्ट मनातल्या ओळखीची. मी स्वतःला कोण समजते, बाई, पुरुष की आणखी काही? ही लिंगओळख. जन्माच्या वेळी लिहिलेलं लिंग आणि ही ओळख जुळत नसेल, तर त्या व्यक्तीला पारलिंगी किंवा ट्रान्सजेंडर म्हणतात. तिसरी गोष्ट ओढीची. मन कुणाकडे ओढलं जातं? याला लैंगिक कल म्हणतात. पुरुषाला पुरुषाची किंवा बाईला बाईची ओढ वाटत असेल तर समलिंगी. चौथी गोष्ट वागण्या-पेहरावाची. मुलगा नाजूक बोलतो, त्याला रांगोळी आवडते. मुलगी केस बारीक ठेवते, ट्रॅक्टर चालवते. एवढ्यावरून पहिल्या तीन गोष्टींतलं काहीच कळत नाही.

पुरुषासारखी वागणारी बाई म्हणजे समलिंगी, असं नाही. समलिंगी पुरुष म्हणजे तृतीयपंथी, असंही नाही. हे चार धागे वेगळे ठेवले की अर्धा गोंधळ कमी होतो. 'बाईचं शरीर' आणि 'बाईपण' या दोन गोष्टी निराळ्या, हे आपल्याला स्त्री-चळवळीनं शिकवलंच आहे. चूल-मूल हे शरीरातून येत नाही, समाज ते शिकवतो, हे सांगण्यासाठीच मराठीत 'लिंगभाव' हा शब्द रुळला. म्हणजे हा विषय आपल्या अंगणातलाच आहे.

आता इतिहासाकडे वळू. ही माणसं हल्ली कुठून आली, असं पुष्कळजण विचारतात. ती हल्ली आलेली नाहीत. 'कामसूत्रा'त 'तृतीया प्रकृती' असा शब्द आहे. तिसरी प्रकृती. त्याच काळापासून दुसराही शब्द चालत आला, 'नपुंसक', म्हणजे जो पुरुष नाही तो. पहिला शब्द माणूस काय आहे ते सांगतो. दुसरा फक्त काय नाही ते सांगतो. नाव ठेवण्याचे दोन प्रकार इथेही दिसतातच.

आपल्या मुलखातली एक गोष्ट फारशी कुणाला ठाऊक नसते. मुंबई इलाख्याच्या जुन्या दप्तरातून अभ्यासकांनी ती बाहेर काढली. मराठी राज्यात दख्खनमधल्या काही ठिकाणी हिजड्यांना वंशपरंपरागत हक्क होते. कुठे रोख नेमणूक, कुठे गावाकडून धान्य, कुठे इनाम जमीन. महार, न्हावी, गुरव, जोशी यांचे जसे गावात हक्क असत, तसाच हाही एक हक्क कागदोपत्री नोंदलेला. फरक एवढाच, की हा हक्क बापाकडून लेकाकडे जात नसे, तो गुरूकडून चेल्याकडे जाई. वारसा रक्ताचा नव्हता, नात्याचा होता. त्या काळी त्यांना समाजात मोठा मान होता, असा याचा अर्थ लगेच काढू नका. पण गावाच्या हिशेबात त्यांचा एक रकाना होता, हे नक्की.

मग इंग्रजी अंमल आला. इनामं-वतनं तपासली गेली. असल्या लोकांना सरकारनं कशाला पोसायचं, असा प्रश्न साहेबांना पडला. हे हक्क पुढच्या चेल्याच्या नावावर चढू नयेत, असं धोरण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर धरलं गेलं. रकाना पुसायला लागला.

पण दप्तरातून नाव नुसतं गेलं नाही, ते दुसऱ्या दप्तरात गेलं. १८७१ साली 'गुन्हेगार जमातीं'चा कायदा झाला. भटक्या-विमुक्तांच्या कपाळी जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारणारा तोच हा कायदा. त्याचा दुसरा भाग हिजड्यांवर होता, हे मात्र कमी जणींना माहीत असेल. तो आधी उत्तरेकडच्या प्रांतांत लागू झाला. मुलं पळवण्याचा, त्यांना खच्ची करण्याचा किंवा 'अनैसर्गिक' गुन्ह्याचा ज्यांच्यावर संशय असेल, त्यांची नावं आणि राहती जागा वहीत नोंदवायची. त्यांच्या मालमत्तेची यादी करायची. त्यांनी मृत्युपत्र करायचं नाही, मूल दत्तक घ्यायचं नाही. आणि नोंद झालेली व्यक्ती बाईच्या वेशात, बाईचे दागिने घालून रस्त्यावर दिसली किंवा चारचौघांत नाचली-गायली, तर वॉरंटशिवाय अटक. शिक्षा दोन वर्षांपर्यंत.

मैत्रिणींनो, जरा थांबून विचार करा. अंगावर साडी आहे, हातात बांगड्या आहेत, एवढाच पुरावा. चोरी सिद्ध करायची गरज नाही, मारामारीही नाही. लुगडं हाच गुन्हा. आज तृतीयपंथी माणूस दिसला की 'मुलं पळवतात' असं आपण कुजबुजतो, ती कुजबूज या कायद्यात छापलेली होती. गुन्हेगार जमातींचा कायदा १९५२ साली रद्द झाला, म्हणून ३१ ऑगस्टला विमुक्त दिन पाळतात. कायदा गेला तरी कुजबूज मागे राहिली.

आता दुसरा धागा घेऊ, लैंगिक कलाचा. १८६० साली भारतीय दंडसंहिता तयार झाली आणि १८६२ पासून लागू झाली. तिच्यातलं कलम ३७७ तुम्ही ऐकलं असेल. गंमत अशी, की त्या कलमात समलिंगी हा शब्दच नव्हता. निसर्गक्रमाविरुद्धचा संबंध, एवढंच म्हटलं होतं. निसर्गक्रम कोणता, हे लंडनहून आलेल्या साहेबानं ठरवलं. दीडशेहून जास्त वर्षं हे कलम माणसांच्या डोक्यावर टांगलेलं राहिलं.

समलिंगी या अर्थाचा इंग्रजीतला 'होमोसेक्शुअल' हा शब्दही फार जुना नाही. १८६९ साली कार्ल मारिया केर्टबेनी या हंगेरियन लेखकानं जर्मन भाषेतल्या एका पत्रकात तो छापला. अशा माणसांना शिक्षा देणारा प्रशियातला कायदा चुकीचा आहे, हे सांगण्यासाठी त्यानं तो बनवला होता. म्हणजे शब्द जन्मला तो बाजू घेण्यासाठी. पुढे तो डॉक्टरांच्या पुस्तकात गेला आणि आजाराचं नाव झाला. आधी गुन्हा, मग रोग. जागतिक आरोग्य संघटनेनं समलिंगी असणं आजारांच्या यादीतून काढलं ते १९९० साली. पारलिंगी ओळख मानसिक आजारांच्या प्रकरणातून बाहेर पडायला तर त्यानंतर जवळपास तीस वर्षं लागली.

या विषयावर मराठीत उघडपणे बोलायची सुरुवात कधी झाली? र. धों. कर्वे यांचं नाव घ्यावंच लागेल. १९२७ साली त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं आणि १९५३ साली वारले तोवर ते चालवलं. वाचक पत्रातून प्रश्न विचारत आणि कर्वे लाज न बाळगता उत्तरं देत. त्या प्रश्नांत समलिंगी संबंधांविषयीचेही प्रश्न असत. १९३४ साली अशाच उत्तरांवरून अश्लीलतेचा खटला झाला. कर्व्यांच्या बाजूनं वकील म्हणून उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लोकांना प्रश्न पडतात, ते विचारतात, तर ज्ञानानं त्यांना उत्तर द्यायला नको का, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. खटला हरले. २०० रुपये दंड झाला. शिवी देणाऱ्याला कधी दंड झाला नव्हता, समजावून सांगणाऱ्याला झाला.

आणि बाईवर प्रेम करणारी बाई? तिच्यासाठी तर बरीच वर्षं शिवीही नव्हती. तिला कुणी धरतच नव्हतं. विजय तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' हे नाटक १९८१ साली रंगभूमीवर आलं. त्यातली सुमित्रा, म्हणजे मित्रा, एका मुलीवर प्रेम करते. ही भूमिका रोहिणी हट्टंगडी यांनी केली. मराठी रंगमंचावर असं पात्र मधोमध उभं राहणं तेव्हा मोठं धाडस होतं. १९८७ च्या अखेरीस मध्य प्रदेशात पोलीस दलातल्या दोघी जणींनी एकमेकींशी लग्न केलं आणि त्यांची नोकरी गेली. 'लेस्बियन' या शब्दाचा त्यांना आधार नव्हता. त्यांच्याजवळ होता तो 'लग्न' हा घरचा शब्द, आणि तो त्यांनी वापरला. १९९८ साली 'फायर' सिनेमावरून मुंबईत थिएटरांची मोडतोड झाली. असल्या बायका भारतात नसतातच, असं म्हटलं गेलं. तेव्हा काही जणी हातात फलक घेऊन रस्त्यावर आल्या. भारतीयही आहोत आणि लेस्बियनही, असं त्या सांगत होत्या. नाव स्वतः घेतल्याशिवाय आपण आहोत हेच कुणी मानत नाही, हे तेव्हा कळलं.

इथून पुढचा इतिहास नावं स्वतः घेण्याचा आहे. मुंबईत १९९० साली 'बॉम्बे दोस्त' हे नियतकालिक निघालं, १९९४ साली 'हमसफर ट्रस्ट' सुरू झाला. पुण्यात २००२ साली बिंदुमाधव खिरे यांनी 'समपथिक ट्रस्ट' काढला. ही नावं बघा. दोस्त, हमसफर, समपथिक. तिन्हींत सोबत आहे, वाट आहे. शरीराचा अवयव कुठेच नाही.

आपला 'तृतीयपंथी' शब्दही असाच आहे. पंथ म्हणजे वाट. नाथपंथ, महानुभाव पंथ, वारकरी पंथ असं बोलणाऱ्या मुलखात तिसऱ्या वाटेनं जाणारे, असा शब्द सहज रुळला. हिंदीतून आलेला 'किन्नर'ही चालतो. 'हिजडा' हा शब्द अवघड. आपण तो चिडवायला वापरतो, पण त्या समाजासाठी ते गुरू-चेल्याच्या परंपरेचं नाव आहे. लक्ष्मी नारायण त्रिपाठी यांच्या मराठी आत्मकथनाचं नावच 'मी हिजडा, मी लक्ष्मी' असं आहे. त्यांनी स्वतःसाठी तो शब्द घेणं वेगळं, आपण तो कुणाच्या अंगावर फेकणं वेगळं. 'तृतीय' हा शब्दही काहींना खटकतो. पहिला कोण नि दुसरा कोण, हे ठरवलं कुणी, असा त्यांचा सवाल असतो. म्हणून पारलिंगी हा शब्द पुढे आला.

दक्षिण महाराष्ट्रातल्या मैत्रिणी विचारतील, मग जोगते कोण? सौंदत्तीच्या यल्लम्माला सोडलेले, लुगडं नेसून जग डोक्यावर घेऊन जोगवा मागणारे जोगते कोल्हापूर, सांगली, सोलापूरकडे सगळ्यांनी पाहिलेले आहेत. २००९ च्या 'जोगवा' सिनेमातून ते सगळीकडे पोचले. पण जोगता हे देवीला वाहिलेल्या माणसाचं नाव आहे. त्यात कुणाची आतली ओळख बाईची असते, तर कुणाला घरच्यांनी नवसापोटी सोडलेलं असतं. शब्द एक आणि माणसं वेगवेगळी. म्हणून नुसत्या वेशावरून निकाल देऊ नये.

तमिळनाडूनं या बाबतीत चांगला पायंडा पाडला. तिथे जुने टोचणारे शब्द मागे पडून 'तिरुनंगै' हा मानाचा शब्द रुळला. तृतीयपंथीयांसाठी देशातलं पहिलं कल्याण मंडळ तिथे २००८ साली झालं. पुढे मद्रास उच्च न्यायालयानं सांगितलं, की वर्तमानपत्रांनी आणि सरकारी कागदांनी या माणसांना काय म्हणावं याची यादी करा. २०२२ साली ती तमिळ शब्दांची यादी सरकारी राजपत्रात छापून आली. ज्या सरकारी वहीत कधी संशयितांची नावं लिहिली जात, तशाच सरकारी कागदावर आता मानाचे शब्द आले.

कायद्याचा प्रवास थोडक्यात सांगते. २००९ साली दिल्ली उच्च न्यायालयानं प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरतं ३७७ कलम बाजूला सारलं. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयानं ते परत आणलं. ६ सप्टेंबर २०१८ ला पाच न्यायाधीशांनी प्रौढांच्या संमतीचे संबंध गुन्हा नाहीत असा निकाल दिला. २०२३ साली समलिंगी लग्नाला मान्यता द्यायला मात्र न्यायालयानं नकार दिला. लिंगओळखीच्या बाबतीत मोठा दिवस १५ एप्रिल २०१४. आपण पुरुष, स्त्री की तृतीयपंथी हे ज्यानं त्यानं ठरवायचं आणि त्यासाठी शस्त्रक्रियेची अट घालता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं. त्याआधी २०११ च्या जनगणनेत पहिल्यांदा स्त्री-पुरुषांशिवाय 'इतर' असा रकाना होता. त्यात देशभरात ४,८७,८०३ आणि महाराष्ट्रात ४०,८९१ जणांची नोंद झाली. भीतीपोटी ज्यांनी तो रकाना निवडला नसेल, ते यात धरलेले नाहीत.

ही कागदाची गोष्ट झाली, पण खरी परीक्षा बोलण्यात असते. इंग्रजीत 'मी आले' म्हणताना बाई की पुरुष ते सांगावं लागत नाही. मराठीत पुष्कळ वाक्यांत सांगावं लागतं. आलो की आले, गेलो की गेले. जी व्यक्ती आतून बाई आहे आणि जिला जन्मभर 'आलो' म्हणायला लावलं, तिच्यासाठी पहिल्यांदा 'मी आले' म्हणणं म्हणजे केवढा मोठा उंबरठा! आणि तिच्या आईसाठी 'तो आला' सोडून 'ती आली' म्हणणं त्याहून मोठा. पण आपली भाषा वाटते तेवढी ताठर नाही. कोल्हापूरकडच्या बायका 'मी आलो, मी जातो' असं बिनदिक्कत म्हणतात, त्यानं त्यांचं बाईपण कुठे जात नाही. आणि 'आम्ही आलो' म्हटलं की बाया-पुरुष सगळे एकातच.

शेवटी ग्रामपंचायतीची एक गोष्ट. आपल्यातल्या कितीतरी जणी महिला राखीव जागेवर निवडून आल्या आहेत, त्यांनी ही जरूर ऐकावी. जळगाव जिल्ह्यात भादली बुद्रुक इथे ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत अंजली यांनी महिला राखीव जागेसाठी अर्ज भरला. त्या तृतीयपंथी आहेत म्हणून अर्ज नाकारला गेला. त्या मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या. त्यांनी स्वतःची ओळख स्त्री म्हणून निवडली आहे, म्हणून स्त्री म्हणूनच लढू द्या, असं न्यायालयानं जानेवारी २०२१ मध्ये सांगितलं. त्या लढल्या आणि गावानं त्यांना निवडून दिलं.

न्यायालयाच्या कागदावर त्यांचं नाव आहे, अंजली गुरू संजना जान. जिथे आपण बापाचं नाहीतर नवऱ्याचं नाव लावतो, तिथे गुरूचं नाव आहे. साहेबाच्या दप्तरानं दीडशे वर्षांपूर्वी जो गुरू-चेल्याचा वारसा खोडायला घेतला, तो एका खेड्याच्या मतपत्रिकेच्या वाटेनं परत कागदावर आला. कोर्टानं दार उघडलं हे खरं, पण मत दिलं ते गावानं. त्यात कितीतरी बायका असतील.

मैत्रिणींनो, हे सगळे शब्द पाठ करायची गरज नाही. शब्द बदलत राहतात, आज चालतो तो उद्या खटकू शकतो. एक मात्र सगळ्यांना जमेल. समोरच्या माणसाला विचारायचं, 'तुम्हाला काय म्हणू?' आणि ते सांगतील तेच म्हणायचं. पूर्वी काय नाव होतं, ऑपरेशन झालं का, असलं विचारायचं नाही. आपल्याला तरी कुणी असं विचारलेलं आवडेल का? आणि घरातलं कुणी सांगायला आलं, तर आधी जेवायला वाढा. 'बरं झालं सांगितलंस' एवढं म्हणा. बाकीचं दोघांनी मिळून सावकाश समजून घेता येतं.

बारशाचं नाव ठेवायचा मान आपल्याकडे बाईचा आहे. तो मान राखू या.